आधीच्या बँडचे सतरा श्रोते

माणसांना गप्प बसवणं हा माझा तेहतीस वर्षांचा व्यवसाय. परीक्षा केंद्राचा मुख्य पर्यवेक्षक म्हणून मी एका वेळी चारशे-चारशे मुलं अशी गप्प बसवली आहेत की पंख्याची कुरकुर शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावी. दारात उभा राहून मी नुसता चष्मा पुसायला काढला, तरी मधल्या रांगेतली कुजबुज जागच्या जागी थांबायची. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे बढाई आहेच, पण पुढे जे झालं ते समजायला ती लागणार आहे.

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो आणि गिटार वाजवतो. त्याचा चौघांचा बँड आहे. सव्वीस वर्षं झाली, हा बँड आजवर कधी मुख्य बँड झाला नाही. मोठ्या बँडच्या कार्यक्रमाआधी अर्धा तास एक लहान बँड वाजवतो, तो हा. त्या अर्ध्या तासात लोक गाड्या लावतात, खायला घेतात, ओळखीचं कोणी दिसतंय का बघतात, दिसलं तर स्टेजकडे पाठ करून त्याला मिठी मारतात आणि तिथल्या तिथे आपल्या नव्या फ्लॅटची हकिगत सांगायला लागतात. मधेच कोणी मोठ्या बँडचं नाव घेऊन ओरडतं. म्हणजे, तुम्ही उतरा आता. माझा भाऊ सव्वीस वर्षं या गोंगाटात वाजवत आला.

आणि त्या लोकांत मी नव्हतो असं नाही. खरं तर मी त्या लोकांतही नव्हतो, कारण ते निदान मैदानात तरी असायचे. धाकटा दर वेळी दोन पास आणून द्यायचा आणि मी दर वेळी त्याचं वाजवून झाल्यावर पोचायचो. सुरुवातीला काय असतं, नुसती ठोकाठोकी, असं माझं मत होतं. मग स्टेजच्या मागच्या जिन्यापाशी त्याला गाठून मी म्हणायचो, "छान झालं हं." तो म्हणायचा, "थँक्स, दादा." सव्वीस वर्षांत या संवादात एका शब्दाचाही फरक पडला नाही.

एका रविवारी सकाळी तो घरी आला आणि त्याने डावा हात टेबलावर ठेवला. शेवटची दोन बोटं जरा आत वळली होती.

"मज्जातंतू दबलाय," तो म्हणाला. "ऑपरेशननंतर पाना धरता येईल. तारा दाबता येतील असं डॉक्टर म्हणत नाहीत. दोन महिने गिटारला हात लावलेला नाही दादा, साठवून ठेवलंय. येत्या शनिवारी आमची पंचवीस मिनिटं आहेत. तेवढी निघतील."

"मग?"

"मग सोमवारी ऑपरेशन. तू एकदा सुरुवातीपासून ये. एवढंच. दुसरं कोणी आलं नाही तरी चालेल."

आता कोणत्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? शनिवारी वेळेवर जाऊन उभा राहिला असता. पण सव्वीस वर्षांची उशिरा येण्याची शरम एका शनिवारी फेडायची तर नुसतं वेळेवर जाणं मला फारच कमी वाटलं. माझ्या भावाच्या शेवटच्या पंचवीस मिनिटांना असा श्रोतृवर्ग मिळाला पाहिजे की मैदानाने बघत राहावं, असं मी ठरवलं. बायको म्हणाली, "अहो, भावजींनी तुम्हाला बोलावलंय. सभा नाही बोलावली." तिचं मी मनावर घेतलं नाही. ते मी सहसा घेत नाही.

संध्याकाळीच आमच्या इमारतीच्या गच्चीवर बैठक झाली. एक्केचाळीस नावं आली, कारण पहिल्या दिवशी नाव द्यायला कोणाचं काही जात नाही. सेक्रेटरींनी आधी ठराव हवा असा मुद्दा काढला. ठराव झाल्यावर त्याला अनुमोदन हवं, असा दुसरा काढला. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले की रॉकच्या आवाजाने कानाचे पडदे जातात, तेव्हा प्रत्येकाला कापसाचे बोळे ते स्वतः पुरवतील. त्यांच्या दवाखान्यात तो माल मुबलक. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी विचारलं, "विणकाम आणलं तर चालेल का? माझे कान मोकळेच असतात." मी परवानगी दिली. ऐकताना हात चालू ठेवणारी ती एकच उमेदवार मला भरवशाची वाटली.

मग तालीम सुरू झाली. भावाच्या बँडचं एक जुनं रेकॉर्डिंग मी ड्रमरकडून मिळवलं आणि रोज सहा वाजता गच्चीवर वाजवलं. वाजवलं म्हणजे लोकांसाठी. मी स्वतः तेव्हा हजेरी घेत होतो. कोण बोलतंय, कोण जांभई देतंय, टाळी उशिरा कोणाची, याचा तक्ता मी भरत होतो. तिसऱ्या दिवशी टाळी इतकी कडक झाली की शेजारच्या इमारतीतून लेखी तक्रार आली, आणि माझे दोन दिवस दिलगिरीच्या पत्रात गेले. पहिला मसुदा सेक्रेटरींना फारच नम्र वाटला. दुसरा शेजारच्यांना उद्धट वाटला.

तिकिटांचं वेगळंच रामायण. गटाने तिकिटं घ्यायची तर अर्ज होता आणि अर्जात 'गटाचा उद्देश' असा रकाना. मी लिहिलं, 'ऐकणे.' खिडकीतल्या माणसाने अर्ज परत सरकवला.

"असा उद्देश यादीत नाही, काका."

"कार्यक्रम संगीताचा आहे ना?"

"हो. पण यादीत क्रीडा, शैक्षणिक, कंपनी आणि इतर एवढेच आहेत. इतरला पुरावा लागतो."

ऐकण्याचा पुरावा कुठून आणायचा? मी 'शैक्षणिक' वर खूण केली. त्यावर त्याने दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या वयाचे दाखले मागितले. माझ्या विद्यार्थ्यांचं सरासरी वय एकसष्ट होतं. तीन चकरा मारल्यावर त्याच्या साहेबांनी कंटाळून शिक्का मारला. त्या आनंदात तिकिटावर बारीक अक्षरात 'उभ्याने' असं छापलंय हे मी वाचलं नाही. परीक्षेत मी मुलांना बजावायचो, सूचना आधी नीट वाचा.

शनिवार उजाडेपर्यंत एक्केचाळीसचे सतरा झाले होते. कोणाचे गुडघे, कोणाचे पाहुणे, एकाने तर आपल्याला गाणंच आवडत नाही हे पाच दिवस तालीम करून झाल्यावर सांगितलं. सतरा तर सतरा. भाड्याच्या बसने आम्ही साडेचारला मैदानावर पोचलो. ऊन चांगलंच होतं. फाटकावर पहारेकऱ्याने आमच्या घडीच्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि आमच्याकडे पाहिलं.

"खुर्च्या आत नाहीत. उभ्याचा विभाग आहे."

"अहो, यांतल्या चौघांचे गुडघे बदललेले आहेत."

"गुडघे आत चालतील."

मी बायकोला सगळ्यांना घेऊन पुढे जायला सांगितलं आणि स्वतः पहारेकऱ्याच्या वरिष्ठाला भेटायला थांबलो. वरिष्ठाने त्याच्या वरिष्ठाकडे पाठवलं. सतरा खुर्च्या फाटकावर ठेवून घेतल्याची पावती हातात पडेपर्यंत पाऊण तास गेला. स्टेजसमोर पोचलो तर माझे श्रोते आनंदात उभे, काही जण कॉफीच्या दिशेने चाललेले, आणि डॉक्टर माझा हात दाबून मोठ्याने म्हणतात, "छानच झालं! फार सुंदर वाजवतात तुमचे बंधू!"

म्हणजे पुन्हा उशीर? पण घड्याळात पाच वीस झाले होते. कार्यक्रम साडेपाचचा.

बायकोने नंतर खुलासा केला. ती आणि मावशी सोडून सगळ्यांनी आल्या आल्या कानांत कापूस घातला होता. तेवढ्यात काळे कपडे घातलेला एक तंत्रज्ञ स्टेजवर आला. त्याने माइकवर "वन टू, वन टू" केलं, गिटारच्या तारा दोनदा छेडल्या, ढोलावर काठी मारून बघितली. माझ्या शिस्तबद्ध पथकाने एकमुखाने ती कडक टाळी वाजवली. तो माणूस बावरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला टाळी मिळत असावी. त्याने आणखी एकदा तारा छेडून पाहिल्या, आणखी टाळ्या. शेवटी तो छातीवर हात ठेवून वाकला आणि डोळे पुसत आत गेला. बायको सगळ्यांना ओरडून सांगत होती की हे भावजी नव्हेत, पण कापसामुळे ते कोणाला कळलं नाही. कार्यक्रम लहान पण छान झाला असं समजून निम्मी माणसं कॉफीच्या रांगेत गेली, उरलेली दुसऱ्या, अधिक निकडीच्या रांगेत. स्टेजसमोर मी, बायको आणि मावशी एवढेच राहिलो.

बरोबर साडेपाचला धाकटा आला. काही जाहीर झालं नाही, दिवे लागले नाहीत. ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर होतं. त्याने कपाळावर हात आडवा धरून गर्दीत शोधलं, आणि मी त्याला दिसलो. आपल्या दादाला वेळेवर आलेलं पाहून बावन्न वर्षांचा माणूस किती लहान दिसू शकतो ते मी तेव्हा पाहिलं. त्याने मान हलवली. मीही हलवली. मग त्याने ती दोन वळलेली बोटं तारांवर ठेवली आणि वाजवायला सुरुवात केली.

त्याच क्षणी माझ्या मागे एक माणूस म्हणाला, "मग मी त्याला म्हटलं, गाडीचा रंग मला पांढराच पाहिजे."

मी वळलो. स्टेजकडे पाठ करून वळलो, आणि मला ते कळलंही नाही. तेहतीस वर्षांच्या सवयीने पाय आपसूक चालायला लागले. मी त्या माणसाला म्हटलं, "तोंड पुढे करा." त्याने केलं. तेवढ्यानेच मी चेकाळलो. पुढची रांग, त्याच्या पुढची रांग. "बोलणं बंद." "पाठ इकडे का?" "खाणं नंतर." काही जण घाबरून खरंच गप्प झाले, काही हसले. कोणीतरी मोठ्या बँडच्या नावाने आरोळी ठोकली, आणखी पन्नासांनी साथ दिली, एक रिकामा प्लास्टिकचा पेला स्टेजवर जाऊन पडला. तो कोणी फेकला ते शोधायला मी गर्दीत आणखी आत शिरलो. बायको मागून हाका मारत होती, "अहो, इकडे या! भावजी वाजवताहेत!" मला ते माहीत होतं. म्हणूनच तर मी हे सगळं करत होतो.

एक तरुण मोबाइलवर कोणाशी तरी मोठमोठ्याने बोलत होता. मी हात पुढे केला. "द्या इकडे. सुटल्यावर मिळेल." त्यानेही, शाळेचीच काहीतरी जुनी भीती जागी झाली असेल, निमूट दिला. मी तो खिशात घातला आणि पुढे निघालो. दहा पावलं गेल्यावर त्याला आठवलं की तो आता विद्यार्थी नाही.

पुढचं सगळं फार पटकन झालं. "चोर, चोर" अशी आरोळी, दोन पहारेकरी, माझ्या दोन्ही दंडांना हात, आणि या वयात, एवढ्या लोकांदेखत, माझी फाटकाकडे मिरवणूक. इतका वेळ स्टेजकडे पाठ करून उभे असलेले सगळे लोक आता माझ्याकडे बघत होते. माझ्या भावाच्या संगीताला जे जमलं नाही ते मी करून दाखवलं, सगळ्या मैदानाचं लक्ष एका जागी वेधलं.

सुरक्षा विभागाची खोली म्हणजे पत्र्याची एक केबिन होती. आत एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याची बाटली, आणि खाकी कोटातल्या एक बाई, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मोबाइल परत पाठवला, मला पाणी दिलं आणि फॉर्म काढला. त्या काही वाईट वागल्या नाहीत. पण फॉर्मवर त्यांनी लिहिलं, 'गोंधळ घालणारा प्रेक्षक.'

"हा शब्द खोडा," मी म्हणालो.

"सर, प्रकार एवढेच आहेत. मारामारी, नशा, चोरी, गोंधळ. मी त्यातल्या त्यात हलका निवडलाय."

"तेहतीस वर्षं मी गोंधळ थांबवलाय! घातलेला नाही! मुख्य पर्यवेक्षक होतो मी! चारशे मुलं माझ्यासमोर श्वास रोखून बसायची! तुमचे ते हजारो लोक बडबडताहेत, पेले फेकताहेत, त्यांच्यावर फॉर्म नाही, आणि जो एकटा माणूस ऐका म्हणून सांगतोय..."

मी टेबलावर हात आपटत होतो. निवृत्त झाल्यापासून इतक्या वरच्या पट्टीत मी बोललो नव्हतो. माझी नेमणूक, माझे दाखले, मला मिळालेलं प्रशस्तिपत्र, सगळं मी त्या बाईंना ऐकवलं. किती वेळ बोललो कोण जाणे. शेवटी त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि हात जोडले.

"सर, एक मिनिट थांबता का? जरा ऐकू द्या. मघापासून कोणीतरी किती सुरेख वाजवतंय."

मी तोंड मिटलं.

पत्र्यातून एक लांब सूर येत होता. एकच. तो हळूहळू वर चढला, जरा थरथरला, आणि थांबला. मी पुढचा सूर ऐकायला कान टवकारले. पुढे काही नव्हतं. ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग गर्दीतून मोठ्या बँडचं नाव घुमायला लागलं.

"संपलं वाटतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. 'गोंधळ घालणारा प्रेक्षक' याच्या शेजारी, स्वच्छ अक्षरात.

बाहेर बायको उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते. मावशी बाजूला विणकाम गुंडाळत होत्या.

"शेवटच्या गाण्याआधी भावजी माइकवर बोलले," बायको म्हणाली. "म्हणाले, आज माझा दादा आलाय. पहिल्यांदा सुरुवातीपासून ऐकतोय."

"मग?"

"मग गर्दीतून कोणीतरी ओरडलं, दादाला घेऊन घरी जा. लोक हसले. भावजीही हसले. पण ते शोधत होते हो तुम्हाला. वाजवतानासुद्धा."

मावशी म्हणाल्या, "शेवटचं गाणं मात्र त्याने डोळे मिटूनच वाजवलं. मी टाके घालायची थांबले होते."

धाकटा मागे, सामानाच्या ट्रकपाशी एकटाच एका पेटीवर बसला होता. स्टेजवर मोठा बँड आला असावा, कारण मैदान एकदम फुटल्यासारखं गर्जलं. इथे येऊन काय बोलायचं ते मला सव्वीस वर्षांचं पाठ होतं. जीभ वळली नाही.

"मी ऐकलं नाही रे," मी म्हणालो. "लोकांना गप्प करत बसलो. मग त्यांनी मला बाहेर काढलं. शेवटचा एक सूर ऐकला, पत्र्यातून."

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "बाहेर काढलं? तुला?" आणि हसला, अगदी आपल्या लहानपणच्यासारखा, खांदे उडवत. मग म्हणाला, "ये, बस इथे."

मी पेटीवर त्याच्या शेजारी बसलो. त्याने गिटार मांडीवर घेतली. ती विजेवरची, जोडल्याशिवाय तिचा आवाज जेमतेम हातभर जातो. त्यात समोर हजारो लोक गात होते. मी खाली वाकून लाकडाला कान लावला. आत बारीक, पण स्पष्ट, तार वाजली. एक, दोन, तीन सूर आले. चौथ्याला नुसता खरखर असा आवाज झाला.

त्याने पुन्हा सुरुवात केली. एक, दोन, तीन. खरखर. मी कान काढला नाही. तिसऱ्यांदा तो दोनच सुरांपर्यंत पोचला. मी मान वर केली तेव्हा तो उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं धरून ती तारेवर बसवायचा प्रयत्न करत होता, लहान मुलाला पेन्सिल धरायला शिकवावं तसा. बोटं सुटून परत वळत होती.

"तेवढंच होतं दादा," तो म्हणाला. "पंचवीस मिनिटांचंच."

त्याने गिटार खोक्यात ठेवली, एका हाताने कड्या लावल्या आणि खोकं उचलायला गेला. ते हातातून निसटून जमिनीवर पडलं. सव्वीस वर्षांत त्या खोक्याला त्याने कोणाला हात लावू दिला नव्हता, ड्रमरलासुद्धा नाही. आता तो नुसता उभा राहिला, दोन्ही हात खाली सोडून, वाट बघत. मी वाकून ते उचललं. वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जड होतं. मग आम्ही बसकडे चालू लागलो.